खिडकाळीकर

कल्याण-शीळ रस्त्यावर खिडकाळीला महादेवाचं जुनं देऊळ आहे, शेजारी तळं आहे, महाशिवरात्रीला तिथं जत्रा भरते. आपल्या नायकाचा त्या गावाशी काडीचाही संबंध नाही. तो राहतो डोंबिवलीत, मानपाड्याच्या अलीकडे, आणि कामाला जातो महापेला. तरीही शीळफाट्याच्या गॅरेजवर त्याला खिडकाळीकर म्हणतात, कारण त्यानं आपल्या आरएक्स हंड्रेडच्या क्लच केसला खिडकी बसवली आहे. गोल, पारदर्शक, आठ स्क्रूंची. आतल्या क्लच प्लेटा फिरताना दिसाव्यात म्हणून.

असे खिडकाळीकर हल्ली दोन-तीन नाके ओलांडले की एखादा सापडतोच. ओळखायला सोपे. पँटच्या उजव्या गुडघ्यावर ऑइलचा डाग, वरच्या खिशात पेनाऐवजी टॉर्च. गाडी नेहमी उजवी बाजू लोकांकडे करून लावणार, कारण क्लच उजवीकडे. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि खिडकी आपोआप वर तोंड करते. यामाहानं १९८५ साली हे जाणूनबुजून केलं, अशी त्याची श्रद्धा आहे. गाडी १९९६ला बंद झाली तीही, त्याच्या मते, कंपनीला खिडकी सुचली नाही म्हणून. धुराच्या नियमांचं कारण तो ऐकून घेतो आणि सोडून देतो.

या माणसाला मुळात झाकण सहन होत नाही. घरात वॉशिंग मशीन घेताना त्यानं काचेच्या दाराचं घेतलं आणि पहिला आठवडाभर त्यासमोर स्टूल टाकून बसला. घराच्या खिडक्या मात्र बारा महिने बंद. हायवेची धूळ येते.

खिडकीची गोष्ट सुरू झाली भंगारात. शीळ-डायघरकडे भंगाराच्या गोदामांना तोटा नाही. चालत्या गाडीचं केस कापण्याइतका तो वेडा नव्हता, त्यामुळे तिथून एक जुनं केस उचललं. ते घेऊन लेथवाल्याकडे गेला आणि सुरुवातीपासून समजावू लागला: इटलीत डुकाटीच्या काही गाड्यांना कोरडा क्लच असायचा, ऑइलच नाही, त्याचं कव्हर लोक मुद्दाम कापलेलं लावायचे, आत खडखडाट व्हायचा आणि तो ऐकायला लोक जमायचे. लेथवाल्यानं हात पुसले. "शेठ, भोक कुठं पाडायचं ते सांगा. कशाला पाडायचं ते नका सांगू."

भोक पडलं. कडेनं ओरिंग बसायला खाच मारली, आठ ठिकाणी ड्रिल करून आटे पाडले, वर अ‍ॅल्युमिनियमची रिंग. काचेसाठी त्यानं अ‍ॅक्रिलिकचा तुकडा मिळवला. कुठून, तर एका बिल्डरच्या मोडलेल्या मॉडेलवरून. या पट्ट्यात 'स्टेशनपासून दहा मिनिटं' वाल्या इमारतींची मॉडेलं भरपूर, आणि त्यांच्यावर अ‍ॅक्रिलिकची पेटी असतेच. ज्या पेटीतून लोकांनी न झालेला स्विमिंग पूल पाहिला, तिच्यातून याला क्लच बघायचा होता.

अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. ऑइल तेवढं तापत नसेलही, पण शेजारी तापलेलं इंजिन, वर मे महिना आणि पुढे शीळफाटा. काच मधोमध फुगली. मग त्यानं पॉलिकार्बोनेट आणलं, जे दीडशेच्या जवळपास टिकतं, आणि पहिल्याच रविवारी ते प्रेमानं पेट्रोलनं पुसलं. पेट्रोल या प्लास्टिकचा शत्रू आहे. संध्याकाळपर्यंत आठही स्क्रूंपासून बारीक चिरा निघाल्या. तिसरी काच टिकली. ती तो साबणाच्या पाण्यानं पुसतो, आणि तेव्हा घरात कोणी हाक मारली तर ओ देत नाही.

आरएक्स निवडण्यात त्याची अक्कल दिसते, हे मान्य करायला हवं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनचं ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं राहतं, त्यामुळे ते बरेच दिवस स्वच्छ असतं. फोर-स्ट्रोकमध्ये सगळ्यांना एकच ऑइल. एका तरुणानं त्याच्याकडे स्प्लेंडरला खिडकी लावण्याबद्दल विचारलं, तर हा कळवळून म्हणाला, "नको रे राजा. पैसे देऊन काळोख विकत घेशील."

आता आत दिसतं काय? इंजिन बंद असताना सुरेख दिसतं: प्रेशर प्लेट, तिच्यावरचे स्प्रिंगचे बोल्ट, तळाशी सोनेरी ऑइल. इंजिन चालू केलं की क्लच फिरतो, ऑइल उडवतो आणि काचेवर आतून फेसाळ ताक पसरतं. म्हणजे जे फिरताना पाहायचं ते थांबल्यावरच दिसतं. हा मुद्दा त्याच्यासमोर काढू नये. तो टॉर्च काढतो, तुम्हाला उकिडवं बसवतो आणि म्हणतो, "डोळा सरावू दे."

सरावतो, हे खरं. जागाही त्यानं योग्य निवडली आहे. जेएनपीटीकडून भिवंडीला, नाशिकला, गुजरातला जाणारे कंटेनर, कल्याण-डोंबिवलीहून नवी मुंबईला निघालेले नोकरदार आणि मुंब्र्याहून पनवेलला चाललेले ट्रक, सगळ्यांची गाठ शीळफाट्यावर पडते. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा होतो आहे, त्यातला ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. वरच्या आम्हाला मात्र खिडकाळी ते फाटा पार करायला पहिला गिअर पुरतो, आणि त्यातही बहुतेक वेळ हात क्लचवर दाबलेला. नेमकं इथंच खिडकाळीकराचं दर्शन फळतं. गिअर पडलेला, क्लच ओढलेला, गाडी उभी: अशा वेळी बाहेरची टोपली इंजिनाबरोबर फिरत राहते आणि मधले बोल्ट जागच्या जागी थबकतात. "बघा, बघा, सुटला!" तो शेजारच्या रिक्षावाल्याला ओरडून सांगतो. अख्ख्या कोंडीत काहीतरी हलताना फक्त यालाच दिसत असतं.

मागे टेंपोत बसलेल्या एका आगरी काकांनी वाकून पाहिलं. "काय दिसतं रं यान?"

"क्लच, काका."

"मंग आमाला काय, पाय ठेवल्यावं समजत नाय?"

ट्रॅफिक हवालदाराशीही त्याचं एकदा झालं. हवालदारसाहेबांनी नंबर प्लेट पाहिली, सायलेन्सर पाहिला, पीयूसी पाहिली, आणि खिडकीपाशी अडकले. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात गाडीत परस्पर बदल करायला मनाई आहे, हे दोघांनाही ठाऊक. याचा बचाव तयार होता: ऑइलची पातळी बघायला कितीतरी गाड्यांना कंपनीच बारकी काच देते, माझी जरा मोठी आहे. साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला तेव्हा त्यांनी जा म्हणून हात केला, चेहऱ्यावर काही न समजल्याची खूण ठेवून.

पावसाळ्यात मात्र खिडकी उलटली. एका सकाळी तळाचं सोनेरी ऑइल दुधट दिसलं. पाणी गेलं होतं. ऑइल बदललं, पॅकिंग बदललं. मग एक बुडबुडा दिसला. मग एक चमकणारा कण. मग एक बोल्ट बाकीच्यांपेक्षा उगाच जास्त चमकतोय असं वाटू लागलं. मालकाला यातलं काही दिसत नव्हतं तेव्हा हीच गाडी पंचवीस वर्षं बिनतक्रार धावली होती. आता तो दर सिग्नलला उतरतो, टॉर्च मारतो आणि काळजी घेऊन परत चढतो. गॅरेजवाला म्हणतो, काचेवर पडदा लाव.

गेले काही दिवस गाडी सोसायटीत उभी आहे, उजवी बाजू गेटकडे करून. खिडकाळीकर बसनं महापेला जातो. परवा त्याला पुढे इंजिन असलेली जुनी बस मिळाली. मागे जागा असून हा ड्रायव्हरशेजारी उभा. देसाई खाडीच्या पुलापर्यंत त्यानं कसाबसा धीर धरला, मग ड्रायव्हरच्या डाव्या हाताच्या त्या भल्यामोठ्या, काळ्या रेक्झिनच्या झाकणाकडे बोट करून विचारलंच, "मास्तर, यावर झाकण कशाला ठेवलंय?"

ड्रायव्हरनं गिअर टाकला. "डबा ठेवायला."