वाघ नसलेल्या फोटोंसाठी बॅग कशी भरावी

नागपुरात निसर्गदृश्यांचे फोटो काढणं हा कायद्यानं गुन्हा नाही, पण त्याला समाजमान्यताही नाही. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा अशा जंगलांच्या गराड्यात बसलेल्या या शहरात गळ्यात कॅमेरा दिसला की माणूस वाघाकडेच निघाला, असं धरून चालतात. ढगासाठी कोणी पेट्रोल जाळतं, हे इथे पटत नाही. बॅग भरण्याआधी हे मनाशी नीट समजून घ्यावं, कारण पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ इथेच आहे.

आधी ठिकाण ठरवा. मे महिन्यात रामटेक नको. पारा पंचेचाळीसला टेकला की तापलेली हवा जमिनीवरून थरथरत वर चढते, आणि लांब पल्ल्याच्या लेन्समधून दूरचा डोंगर पाण्यात पडल्यासारखा हलतो. हा दोष ट्रायपॉडनं जात नाही, महागड्या लेन्सनं तर अजिबातच नाही. शिवाय गडावर माकडं आहेत. त्यांच्यासमोर लेन्स बदलायला बसू नये. उघडी बॅग म्हणजे प्रसाद, अशी त्यांची समजूत आहे.

तेव्हा ऑगस्टातलं चिखलदरा धरू. अमरावती, परतवाडा करत सव्वादोनशे किलोमीटर, उंची अकराशे मीटरच्या आसपास.

फुल-फ्रेम की क्रॉप सेन्सर, हा वाद निघायच्या आदल्या रात्री काढू नये. सोळा मिमीची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर साधारण चोवीससारखी दिसते, एवढं कळलं की झोपावं. ज्याच्याकडे जो कॅमेरा आहे तोच श्रेष्ठ, हे त्याला एकदा सांगून टाकावं, म्हणजे तोही झोपतो.

मग येते १६-३५ ची वाइड लेन्स. निसर्गदृश्य म्हटलं की ही हवीच, असं सगळे सांगतात. ती जवळचं मोठं करते आणि लांबचं आणखी लांब ढकलते, हे मात्र कोणी सांगत नाही. चिखलदऱ्याजवळचा जो गाविलगड किल्ला घ्यायला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला डिसेंबर १८०३ मध्ये डोंगरावर तोफा चढवाव्या लागल्या, त्याची तटबंदी सोळा मिमीवर एखाद्या लेआउटच्या कंपाउंडसारखी दिसते. उपाय एकच: पुढ्यात काहीतरी घ्या. दगड, डबकं, रानफुलं. भिजलेला सोबती चालतो, पण तो हात हलवतो.

डोंगररांगा एकीमागे एक रचलेल्या दाखवायच्या तर ७०-२०० खरी कामाची. सातपुड्याला हीच लेन्स शोभते. फक्त ऑगस्टात त्या रांगा धुक्यात असतात, आणि दीड किलो वजनाच्या त्या लेन्समधून अतिशय सुस्पष्ट असं पांढरं काहीतरी दिसतं.

आता खरी परीक्षा. बॅगेची चेन लावताना शेजारी उभा असलेला मित्र विचारतो, ‘‘अन् वाघ दिसला तं काय करशीन बे?’’ उत्तर देऊ नये. तसं ते देताही येत नाही. चिखलदरा मेळघाटात येतं, आणि १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांत मेळघाट होता. हा इतिहास मित्राला पाठ असतो. मग ‘असू दे’ म्हणत दोन किलोची १५०-६०० आत जाते. विदर्भातल्या बॅगांचं निम्मं वजन या ‘असू दे’चंच आहे. तिच्यासाठी जागा करताना बाहेर काय निघतं? रेनकव्हर, जादा बॅटरी आणि कोरडे रुमाल.

ट्रायपॉड भाच्याकडे द्यावा. धुक्यात उजेड कमी, शटर संथ, त्यामुळे तो लागतोच. छिद्र एफ/८ ते एफ/११ ठेवा. दीड लाखाची लेन्स घेऊन ती एफ/२२ वर बंद करणारे पाहिले आहेत. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि दीड लाखाची धार बोथट होते. धार बोथटच हवी असेल तर स्वस्तात मिळते.

गाडीत एसी अठरावर ठेवणारा एक जण असतोच. गारठलेली लेन्स दमट हवेत काढली की काचेवर दव धरतं, आणि बाहेरचं धुकं कुठलं, आतलं कुठलं ते कळत नाही. घाट लागला की एसी बंद करून काचा खाली घ्या. परतल्यावर बॅग तशीच ओली कपाटात टाकली तर दिवाळीपर्यंत लेन्सच्या आत बुरशीची नक्षी उगवते. तिचे फोटो काढायला मॅक्रो लेन्स लागते.

सामानापुढे थोरही हरतात. १ नोव्हेंबर १९४१ ला अमेरिकेत हर्नांडेझ गावावर चंद्र उगवलेला पाहून निसर्गदृश्यांचा नामवंत छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सनं गाडी थांबवली, भलामोठा कॅमेरा उभा केला, आणि प्रकाश मोजायचा मीटर सामानात सापडेना. चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती, तिच्या हिशोबावर त्यानं एक फोटो घेतला. दुसरा घेईस्तोवर उजेड गेला होता. मीटर न सापडता तो जगभर गाजला. आपण १५०-६०० सापडूनही कणसंच खातो.

माझं विचाराल तर एक बॉडी, २४-१०५, ट्रायपॉड, ओल्या पानांवरची चमक काढून हिरवा रंग गडद करणारा पोलरायझर आणि भरपूर सुती रुमाल. हा सल्ला आजवर कोणी मानलेला नाही.

शेवटी देवी पॉइंटवर सगळे म्हणतील, ‘‘भाऊ, तुमच्या मोठ्या कॅमेऱ्यानं आमचा एक घ्या ना.’’ वाइड लेन्सनं घेत असाल तर सावध. चौकटीच्या कडेला उभा माणूस तिच्यात आडवा ताणला जातो. आत्याला, काकूला आणि ज्यांच्या गाडीनं परत जायचं आहे त्यांना मधोमध उभं करा. कडेला भाचा. ट्रायपॉड वाहून त्याचे खांदे तसेही रुंद झालेले असतात.