श्रावणात जटा वाळत नाहीत

ठाण्याला मांडवी एक्स्प्रेसमध्ये चढले तेव्हा समोरच्या बाकावर एक मावशी, त्यांचे यजमान आणि नातू बसले होते. मावशींनी आधी माझ्या चपला पाहिल्या, मग सॅक, मग डोकं. आणि तिथून त्यांची नजर काही खाली उतरली नाही. माझे केस कमरेपर्यंत आहेत आणि त्यांतला एकही सुटा नाही. करंगळीएवढ्या जाड लडी आहेत. तरुण मंडळी त्यांना लॉक्स म्हणतात, आमच्या घरात ‘तो प्रकार’ म्हणतात.

पनवेल गेलं, माणगाव गेलं, वड्यांच्या फेऱ्या झाल्या, चिपळूणला नातवाला पेंग आली. मावशी तोंडातून शब्द काढत नव्हत्या. चारचौघांत विचारावं कसं, ही त्यांची अडचण मला दिसत होती. ती करबुड्याच्या बोगद्याने सोडवली.

उक्शी सोडलं की हा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर लांब. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली तेव्हा देशातला सगळ्यांत लांब रेल्वे बोगदा हाच होता. उघड्या खिडक्यांतून आत असा आवाज घुमतो की शेजारच्याचं बोलणं शेजारच्यालाच ऐकू येतं, तेही ओरडलं तर. मावशी पुढे झुकल्या आणि ओरडल्या, “खरे आहेत का?” मी मान डोलावली. “धुतेस?” पुन्हा होकार. “विंचरतेस?” नकार. मग त्यांनी सगळा जीव एकवटून मुख्य प्रश्न विचारला आणि नेमका तेवढ्यात बोगदा संपला.

“मग उवा होत नाहीत का गं?”

लख्ख उजेडात, निःशब्द शांततेत हा प्रश्न अख्ख्या डब्याने ऐकला. वडेवाला जागच्या जागी थांबला. यजमानांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आता उत्तर देणं मला भागच होतं. “उवांना केस सुटे काय आणि वळलेले काय, सारखेच,” मी म्हटलं. “त्या एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातात.” शास्त्रीयदृष्ट्या हे अगदी बरोबर होतं. मावशींनी झोपलेल्या नातवाला अलगद आपल्याकडे ओढून घेतलं.

रत्नागिरी स्टेशनावर रिक्षावाल्याने मला आरशात पाहून विचारलं, “कुठल्या मठात सोडू?”

“टिळक आळीत.”

“तिथं मठ नाही ताई.”

“आत्या आहे,” मी म्हटलं.

रिक्षा चालू असतानाच लॉक्सबद्दल थोडं सांगून टाकते, कारण आत्याच्या घरी पोहोचल्यावर मला बोलायला वाव मिळणार नाही. पुष्कळांना वाटतं की केसांकडे बघणं सोडून दिलं की लॉक्स होतात. मी आयुष्यात केसांकडे जेवढं लक्ष आता देते तेवढं पूर्वी कधी दिलं नव्हतं. आठवड्यातून एकदा धुवायचे आणि फेस पिळून पिळून काढायचा, कारण आत राहिलेला साबण वर्षानुवर्षं आतच राहतो. कंडिशनर वर्ज्य. मुळाशी नवे केस येतात ते तळव्यांत वळायचे किंवा क्रोशाच्या अगदी बारीक सुईने लडीत ओवायचे. रात्री डोक्याला सॅटिनचं फडकं बांधायचं, नाहीतर गोधडीतला कापूस लडीत मुक्कामाला येतो. माणसाचे दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतात. माझेही गळतात, फक्त ते कुठे जात नाहीत, लडीतच राहतात.

पण खरं व्रत आहे ते वाळवण्याचं. लडीचा गाभा ओला राहिला तर आधी कुबट वास येतो आणि मग बुरशी धरते. ठाण्यात पंख्याखाली एक रात्र पुरते. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि मी पोहोचले ती श्रावणात. आत्याच्या माजघरात आषाढात धुतलेली एक सतरंजी अजून वाळत होती.

आत्याने दार उघडलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, “आत ये. पाय धू. आणि डोक्याला हे काय करून घेतलंस, ते चहा झाल्यावर सांग.”

मी चहाबरोबर सगळं सांगितलं. गोव्यात हरमलला करून घेतलं. बॉब मार्ली, जमैका, रास्ताफारी पंथ. आफ्रिकेतल्या कित्येक समाजांत लॉक्स फार पूर्वीपासून आहेत. शिवाय 1845 पासून हिंदुस्थानातले गिरमिटे मजूर जमैकाच्या उसाच्या मळ्यांत गेले, ते बरोबर गांजा घेऊन गेले, आणि जटाधारी साधूंची कल्पनाही तिथे त्यांच्यामार्फतच पोहोचली असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे.

आत्याने बशी खाली ठेवली. “म्हणजे आपल्या साधूंचं होतं ते बोटीने जमैकाला गेलं, तिथून गोव्याला आलं आणि तू पैसे मोजून परत घेतलंस. फुकट मिळत होतं तेव्हा काय झालं होतं?”

दुसरा आक्षेप गळलेल्या केसांवर होता. आत्याच्या घरात गळलेला केस बोटाला गुंडाळून, त्यावर थुंकून टाकतात. तो डोक्यावर जपून ठेवायचा, हे तिला पटेना. तिसरा आक्षेप तेलाचा. लॉक्सना खोबरेल चोपडलं तर ते आत बसतं आणि त्यावर धूळ बसते, हे मी सांगून पाहिलं. पण आत्याचं घर भाट्याच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर, आणि खाडीपलीकडे 1955 पासून नारळ संशोधन केंद्र आहे. “एवढे शास्त्रज्ञ बसवलेत सरकारने नारळावर,” ती म्हणाली, “आणि तुझं डोकं कोरडं?”

गुरुवारी मी रिठ्याने केस धुतले आणि संकट उभं राहिलं. पंख्याखाली संध्याकाळ झाली तरी लडी पिळल्या की पाणी निघत होतं. आत्याने एकदा हात लावून पाहिला, काही न बोलता घमेल्यात निखारे घेतले, वर ओवा, वावडिंग आणि ऊद टाकला, मला सुंभाच्या बाजेवर उताणं निजवलं, केस बाजेवरून खाली सोडले आणि त्यांच्याखाली घमेलं सरकवलं. “बाळंतिणीचे केस असेच वाळवतात,” ती म्हणाली. “पडून राहा.”

उपाय उत्तम होता. अडचण एवढीच की बाळंतिणीच्या धुरीचा वास आळीत सगळ्यांना ओळखू येतो. दहा मिनिटांत गडग्यापलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला, “कोण गो बाळंत झालं?” आत्या स्वयंपाकघरात होती, मी धुरात. कोणीच उत्तर दिलं नाही, आणि उत्तर नाही म्हणजे काहीतरी झाकण्यासारखं आहे. दिवेलागणीला दोघी बायका अळिवाचे लाडू घेऊन हजर झाल्या. बाळ दाखवा म्हणाल्या. आत्याने मला दाखवलं. लाडू परत न्यायची पद्धत नसल्यामुळे ते मीच खाल्ले.

मधल्या वेळात रत्नागिरी पाहिली. मांडवीच्या किनाऱ्यावर वाळू काळी आहे; ती लडींत शिरली आणि नंतर आत्याच्या ताटात सांडली, हा तपशील मी लांबवत नाही. थिबा राजवाड्यात मात्र मी रमले. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी हा राजवाडा 1910 मध्ये बांधून झाला आणि सहाच वर्षांत, 1916 मध्ये, तो वारला. त्या काळी ब्रह्मदेशातले पुरुषही केस लांब राखत आणि डोक्यावर गाठ मारत. तीस वर्षं असा राजा ज्या गावाने पाहिला, त्या गावात माझ्याकडे इतकं टक लावून पाहायचं काही कारण नव्हतं. पण राजाला उवांबद्दल विचारायची कोणाची छाती नव्हती, आणि मला विचारायला सगळ्यांना होती.

रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळात वेगळंच घडलं. एक म्हातारी थेट माझ्या पायांवर वाकली. मी मागे सरकले तशी ती पुढे सरकली; मी खांबाला टेकले तेव्हा नाइलाजाने नमस्कार घेतला. तिने माझ्या हातात दहाची नोट ठेवली. बाहेर पायरीवर आणखी एक बाई बसली होती. तिने नमस्कार केला नाही. विचारलं, “कधी आली गो तुला?”

“आली नाही. करून घेतली.”

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. “माज्या सासूला व्हती,” म्हणाली. “मान वाकडी झाली व्हती भारानं. रात्री कुशीवर वळता यायचं नाय. देवीची म्हणून कोणी हात लावी ना.” मग जरा थांबून, “तुला नको झाली तर?”

“कापून टाकेन.”

“उद्या?”

“आजसुद्धा.”

“मग बरी दिसते,” ती म्हणाली, आणि आपली पिशवी उचलून निघाली. सगळ्या प्रवासात माझ्या केसांना मिळालेली ही पहिली शाबासकी.

शुक्रवारी दोन पाहुणे एकाच वेळी आत्याच्या ओटीवर आले. काकूंना एव्हाना कळलं होतं की बाळ नाही, जट आहे. आणि श्रावणातला शुक्रवार, म्हणून त्या खण, नारळ, तांदूळ घेऊन माझी ओटी भरायला आल्या होत्या. आळीतले निवृत्त गुरुजी जटा निर्मूलनाचं पत्रक घेऊन माझी सुटका करायला आले होते.

“जट ठेवली की ठेवली, तिला कात्री लावायची नाही,” काकू म्हणाल्या.

“केस विंचरले नाहीत, नीट धुतले नाहीत की गुंता होतो, त्यात तेल आणि धूळ बसते, तीच तुमची जट!” गुरुजी म्हणाले. “‘जोगवा’ पाहिलात ना? 2009 सालचा. जट आली म्हणून त्या मुलीचं काय केलं? पुण्याच्या नंदिनी जाधव पूर्वी ब्यूटी पार्लर चालवायच्या. अंनिसच्या कामात आल्या आणि दोनशेहून जास्त बायकांच्या जटा त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवल्या. मुली, घाबरू नकोस.”

“मी घाबरले नाहीये, गुरुजी.”

“असंच म्हणतात सगळ्या,” गुरुजी हळहळले. “1931 साली या गावात सगळ्या जातींसाठी पतितपावन मंदिर उघडलं, भागोजीशेठ कीरांनी पैसे घातले, सावरकर उभे राहिले, आणि आज टिळक आळीत जट!”

काकूंनी तेवढ्यात माझ्या कपाळाला कुंकू लावलं. गुरुजींनी पत्रक माझ्या हातात दिलं. एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात प्रबोधन घेऊन मी शेवटी सांगितलं, “हे देवीने दिलेलं नाही आणि दुर्लक्षाने झालेलं नाही. आवडलं म्हणून पैसे देऊन करून घेतलंय.”

ओटीवर शांतता पसरली.

“पैसे देऊन?” काकूंनी विचारलं.

“पैसे देऊन?” गुरुजींनीही विचारलं.

आत्या म्हणते, तीस वर्षांच्या शेजारात त्या दोघांचं एकमत झालेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं.

ते गेल्यावर मी आरशासमोर बसून मुळाशी सुटलेले केस सुईने ओवायला घेतले. मागचा भाग मला दिसत नाही, तिथे मी अंदाजाने टोचत होते. आत्या बराच वेळ पाहत होती. मग ती आपला चष्मा आणि क्रोशाचा डबा घेऊन आली. या आत्याने आमच्या घराण्यातल्या प्रत्येक दाराला तोरण आणि प्रत्येक टीव्हीला रुमाल विणून दिलेला आहे. तिने एक लड हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि चुकचुकली.

“कोणी केलंय हे? टाके सैल आहेत. इथे तर नुसतं कोंबलंय.”

हरमलच्या कारागिराने दोन वर्षांत जे बसवलं नव्हतं ते तिने दुपारभरात बसवलं. सुई आत, फिरव, बाहेर, तोंडाने स्तोत्र. मधेच ती थांबली.

“माझ्या आजीचे केस तुझ्याएवढे होते म्हणे,” ती म्हणाली. “आजोबा गेले आणि दहाव्याला न्हावी बोलावला. तेव्हा ती सतरा वर्षांची. मी पाहिली ती आलवणातलीच. तिला कोणी विचारलं नव्हतं.”

1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हाव्यांना एकत्र केलं आणि विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांच्याकडून ठरवून घेतलं. तो ठराव टिळक आळीत पोहोचायला फारच उशीर झाला असावा. पायरीवरच्या बाईच्या सासूला कात्री मिळाली नाही, आत्याच्या आजीला वस्तरा नको म्हणता आला नाही. मी मधे बसून लडी मोजून घेत होते.

“आत्या, मग तुझी हरकत नाही ना आता?”

“हरकत आहेच. मला आवडलेलं नाही.” तिने लडीचं टोक ओढून पाहिलं. “पण तू ऐकणार आहेस का? सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही. निदान पीळ तरी सरळ असू दे. मान खाली घाल.”

निघायच्या दिवशी रिक्षा दाराशी आली तशा काकू गडग्यापाशी आल्या आणि गुरुजी छत्री उघडून फाटकात. दोघांनीही मला काही विचारलं नाही. विचारलं ते आत्याला.

“मग, काय ठरलं हिच्या केसांचं?”

“केस तिचे, तिला विचारा,” आत्या म्हणाली. “मीसुद्धा काही ठरवायला गेले नाही.”

गुरुजी खाली पाहू लागले, काकू वर. मला भरून आलं. तेवढ्यात आत्या रिक्षात वाकली, खोबरेल तेलाची बाटली तिने माझ्या सॅकमध्ये कोंबली आणि चेन ओढली.

“आत्या, मला विचारलंस का?”

“हे विचारत नाहीये,” ती म्हणाली. “हे सांगत्ये.”