गॅस कमी झालाय

“ताई, गॅस कमी झालाय.”

हे वाक्य मी लागोपाठ तीन उन्हाळे ऐकलं, तीन वेगवेगळ्या गॅरेजमध्ये. प्रत्येकाने बॉनेट उघडलं, लाल-निळ्या नळ्या जोडून गेजचा काटा पाहिला, गॅस भरला आणि पैसे घेतले. दर वेळी गाडी महिना-दोन महिने छान थंड व्हायची. त्यानंतर ब्लोअर चारवर ठेवला तरी तोंडावर पुण्यातल्या एप्रिलचीच हवा. शेजारच्या सीटवर माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. डॉक्टरांकडे जाऊन येईपर्यंत तिची पाठ घामाने भिजलेली असायची.

मागच्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठे, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी नळ्यांतून आणि कंप्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे मान्य, पण दोन महिन्यांत रिकामा होत असेल तर कुठेतरी भोक आहे. फुटक्या घागरीत पाणी भरून देणाऱ्याला आपण कारागीर म्हणत नाही.

चौथ्या माणसाने भोक शोधलं. त्याने तेलात रंग मिसळून घातला, आठवडाभर गाडी चालवायला सांगितली आणि मग निळसर दिवा लावून एकेक जोड तपासला. पुढे कुठेच काही दिसलं नाही. शेवटी तो गाडीखाली झोपला. एसीचं पाणी जिथून ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी हिरवट-पिवळी चमक होती. “कूलिंग कॉइल गेली ताई. डॅशबोर्ड खोलावा लागेल.”

या कॉइलचं काम समजून घेतलं तर ती का जाते तेही कळतं. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून द्रव गॅस कॉइलमध्ये शिरतो, तिथे त्याच्यावरचा दाब एकदम उतरतो आणि तो उकळू लागतो. माझ्या गाडीतला आर-134ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे 26 अंशांवरच उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो ब्लोअरने ढकललेल्या हवेतून ओढून घेतो आणि तीच गार हवा आपल्यापर्यंत येते. हवेतली वाफ मात्र कॉइलवर गार होऊन तिचं पाणी होतं. म्हणजे ही ॲल्युमिनियमची नाजूक जाळी उन्हाळाभर ओली असते आणि अंधाऱ्या डब्यात असते. तिच्यावर धूळ बसली की कायमचा ओला चिखल होतो आणि धातू कुरतडला जातो.

माझी गाडी 2006 सालची. तिच्या डब्यात हवेच्या फिल्टरसाठी खाच आहे, पण फिल्टर दिलेला नाही. कॉइल बाहेर निघाली तेव्हा तिच्या एका बाजूला गुलमोहराच्या बारीक पानांचा बोटभर जाड, काळा, कुबट थर होता. पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत पडलेली सतरा वर्षांची पानं! खाच ठेवायची आणि शे-दोनशे रुपयांचा कागदी फिल्टर वाचवायचा, हा हिशेब करणाऱ्या माणसाला तो थर दाखवावा असं मला फार वाटलं.

कॉइल साडेतीन हजारांची, मजुरी पाच हजारांची. मजुरीबद्दल माझी काही तक्रार नाही, कारण ते काम मी दोन दिवस पाहिलं. स्टीअरिंगचा दांडा खाली सोडायचा, मीटर काढायचा, गिअरभोवतीचं कव्हर काढायचं, मग अख्खा डॅशबोर्ड दोघांनी मिळून उचलायचा. तळहाताएवढ्या जाळीसाठी गाडीची सगळी छाती उघडावी लागते. जो भाग हमखास ओला राहणार आणि कधीतरी सडणार, तो हात पोचणार नाही अशा ठिकाणी का बसवतात? ग्लोव्ह बॉक्स काढला की कॉइल हातात येते अशाही जुन्या गाड्या आहेत, म्हणजे ते जमतं.

माझा वाद झाला तो ड्रायरवरून. “जुनाच चालतोय ताई, कशाला खर्च?” हे त्याने माझ्या भल्यासाठीच म्हटलं असेल, पण ते चूक होतं. ड्रायरमध्ये ओल शोषणारे दाणे असतात आणि सिस्टीम उघडी पडली की ते बाहेरच्या हवेतली ओल पिऊन बसतात. ती ओल आत राहिली तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी तिचा बर्फ होतो, तेलाशी मिळून आम्ल तयार होतं आणि नवी कॉइल आतून खायला लागतं. ड्रायर बदलला. ओ-रिंगही सगळ्या नव्या टाकायला लावल्या. व्हॅक्यूमचा पंप त्याने दहा मिनिटांत बंद केला, कारण मागे दुसरी गाडी उभी होती. मी स्टूल ओढून बसले आणि अजून अर्धा तास चालवा म्हणून सांगितलं. दाब पुरेसा उतरला तरच आतलं पाणी उकळून निघून जातं, आणि त्याला वेळ लागतो. मग पंप थांबवून काटा जागेवर राहतो का तेही पाहायचं. तो राहिला.

त्या स्टुलावर बसल्या-बसल्या एक हिशेब केला आणि राग आणखी वाढला. छोट्या गाडीत साधारण अर्धा किलो गॅस बसतो. ओझोनचा थर विरळ करणारा आधीचा आर-12 हा गॅस 1987 च्या माँट्रियल करारामुळे मागे पडला आणि त्याच्या जागी आर-134ए आला. ओझोनला तो अपाय करत नाही, पण उष्णता अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट आहे. म्हणूनच 2016 साली किगालीत त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. अर्धा किलो हवेत सोडणं म्हणजे जवळजवळ तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं. माझ्या डॅशबोर्डखालून ते तीनदा सुटलं, आणि तिन्ही वेळा मी पैसे मोजून सोडलं. पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून याच गाडीचा पर्यावरण कर मी आरटीओत भरला आहे. तिथे एसी गळतो का, हे कोणी पाहिलं नाही.

आता गाडी थंड होते. आई मागच्या आठवड्यात पहिल्यांदा म्हणाली, “जरा कमी कर गं.”

पण डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातून टक् टक् असा आवाज येतो. खोलताना एक प्लॅस्टिकची क्लिप तुटली, नखाएवढी. गतिरोधक आला की टक्, खड्डा आला की टक् टक्, आणि तो आवाज नेमका आईच्या कानाशी. तुटकी क्लिप कागदात गुंडाळून नाना पेठेत गेले. चार दुकानं फिरले. क्लिप सुटी येत नाही, पूर्ण पॅनल घ्यावं लागेल, आणि पॅनल आता बनत नाही. पाचव्या दुकानदाराने क्लिप उन्हात धरून पाहिली, ड्रॉवरमध्ये बराच वेळ शोधलं आणि दुसऱ्याच कुठल्या गाडीची एक काढून दिली. “घासून बघा ताई, बसली तर बसली.” पैसे घेतले नाहीत. काल संध्याकाळी कानस घेऊन बसले होते. अजून अर्धा मिलिमीटर जास्त आहे.