मुखड्याचा कलावंत

रात्री इंदूरच्या सराफ्यातल्या सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं पडली की ओटल्यांसमोर खाण्याची दुकानं लागतात आणि एखाद्या ओटल्यावर गिटारवाला बसतो. भुट्ट्याचा कीस आणि जोशींचा दहीबडा यांची कीर्ती इंदूरबाहेरही आहे. गिटारवाला मात्र आपला आपल्यालाच निभावावा लागतो.

हा बहुधा रामबागेकडच्या मराठी घरातला. घरी आजोबांची पेटी खोळ घालून ठेवलेली. "लताबाई जन्मल्या या गावात, अमीर खाँसाहेबांनी घराणं काढलं या गावाच्या नावाचं, आणि तू तारा खाजव!" हे आजोबांचं रोजचं पालुपद. तो मान डोलावतो आणि गिटार पाठीला लावून स्कूटरला किक मारतो.

त्याचं गाणं एकच, लकी अलीचं 'ओ सनम'. ते आलं १९९६ साली, म्हणजे त्याच्याहून वयाने मोठं. वडीलधाऱ्यांशी वागावं तसा तो त्याच्याशी अंतर राखून असतो. मुखड्यापलीकडे सलगी नाही. आधी मोबाइलवर बघून तारा जुळवणं. खुंट्या पिळता पिळता एक शिकंजी संपते. मग 'डाउन-डाउन-अप' असं पुटपुटत मुखडा सुरू होतो आणि चांगला जमतोही. पलीकडच्या ओटल्यावरच्या मुली वळून बघतात. तेवढ्यात 'एफ' येतो.

'एफ' कॉर्डला पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं. दोन तारा वाजतात, उरलेल्या थडथड करतात. इथे तो डोळे मिटतो. लोकांना वाटतं, तंद्री लागली.

"अरे भिया, कॅपो लाव ना, सोपं जाईल," कुणीतरी सुचवतं.

"ओरिजिनल फील जातो यार."

"बरं, मग अंतरा तरी होऊ दे."

"आधी गराडू येऊ दे."

थंडीच्या दिवसांत गराडू येतोच. तळलेल्या फोडी, वर जिरावन मसाला, वर लिंबू. स्टीलच्या तारांनी सोललेल्या बोटांना लिंबू लागतं आणि तो असा काही कळवळतो की बघणाऱ्याला त्याची साधना दिसावी. दोस्त त्याच्या पाठीवर थाप मारतात, पैसेही तेच देतात. तोंड भरलेल्या माणसाला अंतऱ्याची आठवण राहत नाही, हे सराफ्याने त्याला फुकट शिकवलेलं शास्त्र.

परवा त्याने जाहीर केलं, "आता नवीन गाणं बसवतोय."

"जुनं झालं पूर्ण?"

"नाही रे. पण याचाही मुखडा मस्त आहे."