काळी बाळंत झाली

"काकू, अहो काकू! काळी व्याली बरं का रात्री."

कंपाउंडच्या भिंतीवरून आधी वहिनींचा आवाज आला, मग डोकं आणि मग हातातलं पातेलं. पातेल्यात गुळाचा शिरा, वर तुपाचा थर. आठ दिवसांपूर्वी याच वहिनी खराटा घेऊन काळीला कोपऱ्यापर्यंत पिटाळत गेल्या होत्या, कारण तिनं दारातली चप्पल पळवली होती. पण बाळंतीण ती बाळंतीण. नव्या जालन्यात आमच्या गल्लीत असं आहे. शिव्या देणारेही आम्हीच आणि शिरा करणारेही आम्हीच.

"किती झाली?"

"सात. समोरच्या बांधकामाच्या वाळूत खड्डा केलाय तिनं. पाच पोरी हायेत."

"अरे देवा. म्हणजे पुढच्या भादव्यात या पाच आणि सहावी ही."

वहिनींनी बोटं मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. भादव्यात कुत्र्यांचा कल्ला सुरू होतो, कुत्री दोन महिने पोटात वागवते, कार्तिकात पिल्लं. कार्तिकातली पोर पुढच्या भादव्याला दहा महिन्यांची होते, म्हणजे तीही त्याच वाटेला. हे काही शाळेत शिकायला लागत नाही, गल्लीत राहिलं की कळतं.

"माझा भाऊ नेतो म्हणाला एक, शेतावर राखणीला," वहिनी म्हणाल्या. "पण नर पाहिजे म्हणतो."

"सगळ्यांना नरच पाहिजे. दोन नर संध्याकाळपर्यंत जातील. पोरी राहतील वाळूत."

"गोणीत घालून कुंडलिकेच्या पल्याड सोडावं का? जुन्या जालन्यात?"

"आणि तिकडचे लोक आपल्याकडं आणून सोडतात त्यांचं काय? हा मोंढ्याकडचा तांबडा कुठून आला असंल असं वाटतंय तुम्हाला?"

तेवढ्यात पेपर मागायला मामा आले. मामा आमचे शेजारी, ढोर दवाखान्यातून पट्टीबंधक म्हणून रिटायर झाले. आयुष्यभर बैलांच्या खांद्याला मलमपट्टी केली, त्यामुळे जनावरांबद्दल काहीही निघालं की शेवटचा शब्द त्यांचाच असतो, हे गल्लीनं मान्य केलेलं आहे. ते काही न विचारता भिंतीला टेकले.

"त्या तांबड्याचा कान बघितला का कधी?"

"फाटलाय की. भांडणात फाटला असंल."

"भांडणात असा सरळ फाटतो होय? इंग्रजी व्हीसारखी खाच हाय ती. नीट कात्रीनं काढलेली. त्याचं ऑपरेशन झालंय. भुलीत असतानाच कान कापतात, म्हणजे पुढच्या बारीला त्यालाच पुन्हा धरून पुन्हा भूल द्यायला नको. लांबूनच कळतं."

वहिनींनी तांबड्याकडे नव्यानं बघितलं. तो मीटरच्या पेटीखाली पाय ताणून झोपला होता आणि त्याला आपल्या कानाची चर्चा चाललीय याचं काहीच नव्हतं.

"मग ऑपरेशन केल्यावर पुन्हा इथंच कशाला आणून सोडतात?" वहिनींचा हा प्रश्न खरा होता, आणि मलाही तो कैक दिवस पडलेला होता. "एकदा धरलंच हाय, तर न्या ना लांब."

"जागा मोकळी राहत नसते, वहिनी. एसटीतल्या सीटसारखं असतं ते, एक उठला की दुसरा खिडकीतून रुमाल टाकतो. इथं उकिरडा हाय, रविवारी मटणाच्या दुकानामागं हाडं हायेत, तुमचा शिरा हाय. ही आठ कुत्री नेली की मोंढ्याकडची आठ येतील. ती आपल्याला ओळखत नाहीत, रात्री दुधवाल्याच्या मागं लागतील. आणि त्यांच्यातल्या माद्या वितील. त्यापेक्षा आपलीच राहू द्या. ऑपरेशन केलेली, रेबीजची लस दिलेली. ती नवीन कुत्र्याला गल्लीत शिरू देत नाहीत. काही वर्षांत म्हातारी होऊन कमी होतात. पण दहातली सात तरी झाली पाहिजेत. दोन-तीन केली न् फोटो काढले, तर काही होत नाही."

"नरांचीच करावीत मग. सोपं असतं म्हणतात."

"सोपं असतं. पण एक नर राहिला तरी सगळ्या गल्लीला पुरतो. आधी माद्या धराव्या लागतात."

यावर वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि विषय बदलला.

विषय बदलून कुठं गेला, तर त्यांच्या माहेरी. त्यांचं माहेर जाफराबाद तालुक्यात, बुलढाण्याच्या शिवेजवळ. 2019 च्या सप्टेंबरात बुलढाणा जिल्ह्यात गिरडा-सावळदबारा रस्त्याच्या कडेच्या जंगलात नव्वदच्या आसपास कुत्री मरून पडलेली सापडली होती. तोंडं बांधलेली, पाय बांधलेले. काही जिवंतही होती. वास सुटला तेव्हा लोकांना कळलं.

"आमच्या गावात आजून निघतो तो विषय," वहिनी म्हणाल्या. "कुणी म्हणतं असं केलं, कुणी म्हणतं तसं. पण आई म्हणायची, तोंड बांधून मारायचं म्हणजे काय माणसं हायेत का कोण."

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "1960 चा कायदा हाय, जनावरांना क्रूरपणे वागवायचं नाही म्हणून. आणि कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम 2001 चे, ते 2023 ला नवे आले. त्यात ग्रामपंचायतीलासुद्धा जबाबदारी दिलीय, नुसती शहरालाच नाही. पण गावात कुत्रं कुणाचं, हेच ठरत नाही. भाकरी टाकताना सगळ्यांचं. चावलं की कुणाचंच नाही. आणि धरायला गाडी आली की लगेच, 'अहो, ते आमचं हाय, सोडा.'"

ही गोष्ट मला फार पटली, कारण आमच्याकडेही तेच आहे.

"पूर्वी गावात इतकी नव्हती की कुत्री," मी म्हणाले.

"गिधाडं होती ना! ढोर मेलं की गावाबाहेर टाकायचे, दुपारपर्यंत हाडं उरायची. ती डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनानं गेली. आम्हीच टोचायचो ढोरांना, ताप उतरायला, दुखणं थांबायला. तेच ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं जायची. 2006 ला जनावरांसाठी बंदी आली, तोवर गिधाडं संपत आली होती. टाकलेलं ढोर आता कुत्र्यांच्या वाट्याला."

वहिनींना गिधाडांत रस नव्हता. त्यांना दिल्लीचा निकाल पाहिजे होता. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं आधी दिल्लीतली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं, मग 22 तारखेला तीन न्यायमूर्तींनी ते बदललं: नसबंदी करा, लस द्या, जिथून नेलं तिथंच सोडा, पिसाळलेलं किंवा अंगावर येणारं तेवढं ठेवून घ्या. नोव्हेंबरात पुन्हा सांगितलं की शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथली उचलायची आणि तिथं परत सोडायची नाहीत. व्हॉट्सअॅपवर मात्र वहिनींकडे यातला पहिलाच भाग आलेला होता.

"म्हणजे बसस्टँडवरची नेतील आणि आपली ठेवतील?"

"आपली ठेवतील. म्हणून तर आपली नीट करून घ्यायची," मामा म्हणाले. "गोव्यानं बघा. घरोघर, गल्लोगल्ली लस टोचली. 2021 ला राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. तिथं काय कुत्री नाहीत? बीचवर लोळत असतात."

"आणि चावलं तर? आमच्या सासूबाई अजून मिरची भरा म्हणतात."

"मिरची भाजीत भरा. जखम साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. मग सरकारी दवाखाना. आता पोटात चौदा सुया नाहीत, दंडात देतात: त्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या. जखम खोल असंल तर तिथंच आणखी एक औषध भरतात. दोन सुया घेऊन, बरं वाटतंय म्हणून घरी बसायचं नाही."

मग काळीच्या ऑपरेशनसाठी करायच्या अर्जाची गोष्ट निघाली. मामांचं म्हणणं, पिल्लांचं दूध तुटू द्या, दोन महिने जाऊ द्या, मग काळीला देऊ. पिल्लं सहा महिन्यांची झाल्यावर त्यांनाही, भादव्याच्या आत. ऑपरेशननंतर चार दिवस पिंजऱ्यात ठेवतात, मग गाडी आणून सोडते. कुठं सोडते याच्यावर आपण लक्ष ठेवायचं, कारण दुसऱ्याच गल्लीत सोडलं तर सगळं मुसळ केरात.

"पण धरणार कोण तिला? जाळं बघितलं की पळते ती."

"तुमच्या हातचं खाते ना? तुम्हीच धरणार."

"मी? मागच्याच आठवड्यात खराट्यानं पिटाळलं हो मी तिला!"

"म्हणून तर शिरा केलाय ना आज," मी म्हणाले.

वहिनींनी उत्तर दिलं नाही. त्या पातेलं घेऊन वाळूकडे निघाल्या आणि जाता जाता ओरडल्या, "अर्जावर कोपऱ्यावरच्यांची सही घेऊ नका! ते म्हणतात ऑपरेशननं कुत्रं जाड होतं. स्वतःकडं बघा म्हणावं आधी!"