नुसतं पुढे पाठवा

तो भेटला की आधी तब्येतीची चौकशी करतो. त्यावर जाऊ नये. दुसऱ्या मिनिटाला तुमच्या फोनवर लिंक येऊन पडते आणि मागोमाग वाक्य येतं, ‘पैसे नकोत हो काका, नुसतं पुढे पाठवा.’ हे तो अशा काही सुरात म्हणतो, की पाचशे रुपये न देणं आपल्यालाच उद्धटपणाचं वाटू लागतं.

सध्या त्याला गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांवर माहितीपट काढायचाय, तोही क्राउडफंडिंगने, म्हणजे ऑनलाइन वर्गणीतून. बँकेचा विषय काढला की तो नुसता हसतो. बँक तारण बघते, लोक तळमळ बघतात, हे त्याचं अर्थशास्त्र. दाखले तोंडपाठ. तळेगावचा काच कारखाना १९०८ साली पैसा फंडातून उभा राहिला, माणशी वर्षाला एक पैसा. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढले, म्हणून १९७६चा ‘मंथन’ निघाला. आणि २०१४ साली अमेरिकेत एकाने बटाट्याचं सॅलड करायला किकस्टार्टरवर १० डॉलर मागितले, तर जमले ५५ हजारांच्या वर! तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पैसा फंडाच्या अंताजी काळ्यांनी त्या एकेका पैशासाठी आयुष्य वेचलं, हे तो घाईत उरकतो. रेंगाळतो बटाट्यापाशी.

देणगीदारांसाठी बक्षिसंही आहेत. शंभराला आभार, पाचशेला स्टिकर, पाच हजारांना श्रेयनामावलीत नाव, पंचवीस हजारांना दिग्दर्शकाबरोबर जेवण. दिग्दर्शक तोच. याच्या मावशीने याला इतकी वर्षं जेवू घातलंय. त्या दराने बिचारीकडे दोन माहितीपटांचे पैसे निघतील.

आता यातला ‘क्राउड’ पाहू. मावशी, दोन मेहुणे, कॉलेजचा ग्रुप, बायकोच्या ऑफिसातल्या तिघीजणी आणि एक ‘अनामिक हितचिंतक’, म्हणजे वडील. किकस्टार्टरवर ठरवलेली रक्कम पुरी जमली नाही, तर हाती दमडीही येत नाही. याने जमेल तेवढं पदरात टाकणारी साइट शोधली. एवढा व्यवहार त्याला कळतो.

परवा गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली. याने त्यांनाच फैलावर घेतलं. ‘तुमचं टार्गेट काय? अपडेट कुठे टाकता? रिवॉर्ड काय देणार?’

‘प्रसाद,’ पुढचा पोरगा म्हणाला. ‘आणि नाव फळ्यावर, रकमेसकट. अकरा रुपये दिलेत तरी.’

याने एकशे एक दिले.

माहितीपटाचं चित्रीकरण पावसामुळे पुढे गेलंय. पाऊस संपल्यावर टाकी आटल्यामुळे जाईल. दरम्यान नवी लिंक आलीय: पहिल्या मोहिमेतले स्टिकर पाठवायला कुरियरचा खर्च अंगावर येतोय, त्यासाठी छोटी मोहीम. शंभर रुपयांना आणखी एक स्टिकर.

मी ती पुढे पाठवली. नुसती.