कारणे दाखवा

एकट्याने लांबचा सायकलप्रवास करायचा तर ज्यांना डोंगर आणि तळी हवीत त्यांनी लडाखला जावं. पँगाँगच्या काठी एकांत मुबलक मिळतो, प्राणवायू मात्र बेताचा. रायगडच्या किनाऱ्यावर नेमकं उलट. प्राणवायू भरपूर, डोंगर भरपूर, तळ्यांची उणीव खाड्या भरून काढतात. एकांत तेवढा कुठेच मिळत नाही.

रेवसला लाँचमधून सायकल उतरवली की अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड अशी गावं ओळीने येतात. नकाशात रस्ता समुद्राला चिकटून जातो, म्हणून तो सपाट असेल असं मुंबईत बसून वाटतं. प्रत्यक्षात सह्याद्रीने समुद्रात पाय सोडलेत आणि रस्ता त्यातल्या प्रत्येक पायावर चढून उतरतो. लडाखचा खारदुंगला घाट एकदा चढला की संपतो. इथला चढ खाडीपाशी बुडतो आणि पलीकडच्या काठावर ताजातवाना होऊन उभा राहतो.

या किनाऱ्याने रेवसपासून रेड्डीपर्यंत सागरी महामार्ग व्हावा, हे बॅरिस्टर अंतुल्यांचं स्वप्न. ते मुख्यमंत्री झाले 1980 मध्ये. स्वप्न दांडगं होतं, म्हणून त्याचं काम अजून चालूच आहे. मी गेलो तेव्हा आगरदांड्याला रस्ता पाण्यात संपत होता. पलीकडे दिघी, मध्ये राजपुरीची खाडी, आणि मोटारी-टेम्पो पोटात घेऊन ती ओलांडणारी जंगलजेट्टी.

बोटीतून उजव्या हाताला जंजिरा दिसतो. मराठे, इंग्रज, पोर्तुगीज, कुणालाच न जमलेला किल्ला. पण तिकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. सगळे माझ्या घट्ट चड्डीकडे बघत होते.

"काय रं बाला, घरान भांडान झालाय का?" पाटीवर हात ठेवून बसलेल्या एका मावशींनी सुरुवात केली.

"नाही हो मावशी. हौस म्हणून."

हे ऐकून बोटीत शांतता पसरली. हौस हे कारण कोकणात नाटकाला आणि शिमग्याला चालतं. चाळिशी उलटलेल्या माणसाने भर उन्हात चढ चढायला चालत नाही. मग माझ्या वतीने इतरांनी कारणं शोधली. पैज असेल. नोकरी गेली असेल. निवडणुकीचा प्रचार असेल. शेवटी खारी-टोस्टच्या टेम्पोचा चालक निकाल दिल्यासारखा म्हणाला, "डॉक्टरनी सांगितलं असणार. शुगर." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मावशींनी तर माझ्या गालाची हाडं बघून दुजोराही दिला.

पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये सायकलवरून एकटी जग फिरली. सुमारे 29 हजार किलोमीटर. कॅनडात तिच्यामागे अस्वल लागलं होतं. अस्वल परवडलं. ते कारण विचारत नाही.

दिघीचा चढ मी चढत असताना तो टेम्पो हळहळल्यासारखा हॉर्न वाजवत पुढे गेला. टेम्पोला गावोगावच्या दुकानांत थांबायचं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. बोर्ली पंचतनला चहा सांगितला. तो न विचारता बिनसाखरेचा आला. "तुम्हीच ना ते सायकलवाले?" दुकानदार मायेने म्हणाला.

दिवेआगरला खाणावळीत शेजारच्या पानांवर उकडीचे मोदक पडत होते, त्यांवर तुपाची धार. माझ्या पानात कारल्याची भाजी.

"मला शुगर नाहीये हो, काकू."

"पहिल्या पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात," काकू म्हणाल्या आणि कारलं वाढून गेल्या. 2012 मध्ये चोरीला गेलेला सुवर्णगणेश या गावाने वाट बघून बघून 2021 मध्ये पुन्हा बसवून घेतला. अशा गावाच्या चिकाटीपुढे माझ्या एका मोदकाची काय कथा!

पुढचा शेखाडीवरून जाणारा रस्ता या किनाऱ्यावरचा सर्वांत देखणा. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे हाताच्या अंतरावर समुद्र, आणि चक्क कुणीही नाही. आता कुठे एकट्याचा प्रवास सुरू झाला म्हणेपर्यंत एक मोटरसायकल शेजारी येऊन मंद झाली. "दादा, चक्कर-बिक्कर नाही ना येत?" श्रीवर्धनपर्यंत तो मागे राहून सोबत करत होता.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथांचं गाव. इथून ते देशावर गेले आणि पेशवे झाले. वाटेत त्यांनाही कुणी तरी विचारलंच असणार. पण त्यांच्याकडे जंजिऱ्याच्या सिद्दीचा जाच हे खणखणीत कारण होतं.

तेव्हा आपणही खणखणीत कारण ठेवावं, असं ठरवून मी हरिहरेश्वर गाठलं. देवळाजवळच्या दुकानात एक आजोबा बसले होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "नवस आहे."

परिणाम उत्तम झाला. आजोबांनी उठून पाणी दिलं, सायकल स्वतः सावलीत लावली. "भरतीच्या आत प्रदक्षिणा उरकून घ्या," म्हणाले. म्हणजे डोंगराला वळसा, आणि समुद्रापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. माझ्या गुडघ्यांनी नवस मागे घेण्याची विनंती केली. पण आता इलाज नव्हता.

परत आलो तेव्हा आजोबांनी प्रसादाचा पेढा काढला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "साखरेसाठीच ना नवस? टेम्पोवाला सांगून गेला."

मग त्यांनी पेढ्याचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि उरलेला स्वतःच्या तोंडात टाकला.